शॉट हाताशी यायला किती वेळ?

शिवडीपासून माहुलपर्यंतच्या खाडीकाठच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत मुक्काम ठोकतात. भरतीओहोटीचा अंदाज घेऊन होडीने थोडे आत गेले, की एका अंगाला रिफायनऱ्यांच्या टाक्या आणि टाटांच्या वीजकेंद्राची धुराडी, दुसऱ्या अंगाला अटल सेतूचे खांब आणि मध्ये हजारोंनी गुलाबी पक्षी. कॅमेरावाल्याला आणखी काय हवे? पंख उघडतानाचा क्षण संथ करून दाखवायचा म्हणून तो फोर-के घेतो, सेकंदाला ५० फ्रेम ठेवतो आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवणारी पद्धत निवडतो. सोनीच्या काही कॅमेऱ्यांत या पद्धतीला सेकंदाला ५०० मेगाबिट लागतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ६२.५ एमबी आणि तासाला २२५ जीबी. त्यातले शेवटी वापरायचे दहा-बारा सेकंद.

माहुलगावातल्या कोळ्यांच्या घरची हळद ही याच्या अगदी उलट तऱ्हा. एक कॅमेरा नवरीवर, एक बेंजोवाल्यांवर, एक नाचणाऱ्यांच्या गर्दीत. (ड्रोनचा मोह इथे आवरलेला बरा. एकीकडे रिफायनऱ्या, दुसरीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. चौकशीला तोंड देता देता लग्न उरकून जाईल.) इथे साधी पद्धत चालते: सेकंदाला १०० मेगाबिट, तासाला ४५ जीबी. पण कॅमेरे तीन-चार, आणि सगळ्यांचे फुटेज एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवून ‘आता ह्याचा शॉट, आता त्याचा’ असे निवडायचे असते. वर यजमानांचा फोन: दादा, रील उद्या सकाळपर्यंत द्या, बाकीचे सावकाश.

चेंबूर-माहुलच्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत बसलेल्या एडिटरचा कॉम्प्युटर अशा वेळी अडकायला लागतो. प्ले दाबले की चित्र दोन पावले चालते, थांबते, पुन्हा उडी मारते. मित्र सांगतो, ‘एसएसडी टाक, मशीन पळेल.’ मग लॅमिंग्टन रोडची फेरी होते. त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचे नाव लागून जमाना झाला, पण ते नाव सांगून रॅम घ्यायला निघालेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. नवी एसएसडी बसते. कधी मशीन खरेच पळते, तर कधी कॉम्प्युटर झटकन सुरू होतो खरा, पण एक्सपोर्टला पूर्वीइतकाच वेळ लागतो आणि टाइमलाइन पूर्वीसारखीच अडखळते. असे का होते, हे समजून घ्यायचे तर आधी एडिटर नेमकी कशाची वाट पाहत असतो ते पाहायला हवे.

फिल्मच्या काळापासून सुरुवात करू. ‘शोले’ला फिल्मफेअरचा पुरस्कार एकच मिळाला, तोही संकलनाचा, आणि तो घेतला एम. एस. शिंदे यांनी. त्या चित्रपटासाठी सुमारे तीन लाख फूट फिल्म चित्रित झाली असे सांगतात. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते; म्हणजे पंचावन्न तासांहून जास्त चित्रण आणि पडद्यावर आले तीन तासांपेक्षा थोडे अधिक. बाकीचे तुकडे कुठे होते? खोलीतच. कापलेला प्रत्येक तुकडा कापडाचे अस्तर लावलेल्या पेटीवर खिळ्यांना टांगलेला असे, फिल्मच्या कडेवर छापलेले नंबर सहायकाच्या वहीत नोंदलेले असत. संकलकाने मागितले की सहायक हात घालून तो तुकडा काढी. दोन तासांपूर्वीचा शॉट असो की मागच्या महिन्यातला, हात पोहोचायला सारखाच वेळ. चांगला सहायक म्हणजे ज्याला वही न बघता तुकडा सापडतो तो.

व्हिडिओ टेप आली आणि ही सोय गेली. टेपवर पन्नासाव्या मिनिटाचा शॉट हवा असेल, तर पन्नास मिनिटांची टेप गुंडाळत तिथवर जायचे. दोन मशिने समोरासमोर ठेवून एकावरून दुसऱ्यावर उतरवत जायचे, आणि मध्येच एक शॉट घालायचा राहिला असे लक्षात आले, की त्याच्यापुढचे सगळे पुन्हा उतरवायचे. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या कॅसेट एवढ्या लांबलचक का असत, याचे एक कारण माझ्या मते हेही असावे: कापण्यापेक्षा ठेवणे सोपे होते.

१९८९ मध्ये ॲव्हिड कंपनीची संगणकावर चालणारी संकलन यंत्रणा बाजारात आली. चित्रे डिस्कवर, आणि डिस्कवरचा कुठलाही तुकडा हवा तेव्हा उचलता येतो. टांगलेल्या फिल्मची सोय परत मिळाली. फक्त डिस्क तेव्हा इतक्या लहान होत्या, की चित्र अगदी खराब, डाग पडल्यासारखे करून साठवावे लागे. त्या खराब चित्रावर कापाकापी करायची आणि शेवटी फिल्मच्या कडेवरच्या नंबरांबरहुकूम मूळ फिल्म कापायची. हा डाव लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

हार्ड डिस्कचे काम कसे चालते? आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात, त्यांच्यावर चुंबकीय थर असतो आणि एक बारीक दांडी टोकाला वाचक घेऊन मागेपुढे सरकते. १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या डिस्कमध्ये दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि सगळ्यांत मिळून सुमारे ५ एमबी माहिती मावे. आजच्या डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये लाखो पटींनी जास्त मावते, पण घडण तीच. चकत्या मिनिटाला ७,२०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी असलेली माहिती वाचकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते: ४.२ मिलिसेकंद. त्याआधी दांडी योग्य वर्तुळावर जायला आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण तेरा धरू.

तेरा मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटेल. आता हळदीचे चार कॅमेरे घ्या. आपल्याकडे व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे दर ४० मिलिसेकंदांनी प्रत्येक कॅमेऱ्याची पुढची फ्रेम पडद्यावर हजर पाहिजे. चारही कॅमेऱ्यांच्या फाइली डिस्कवर चार ठिकाणी पडलेल्या. सॉफ्टवेअर दर वेळी एका फाइलीतून एकेक एमबी उचलते असे मानू. दांडी तिथे पोहोचायला तेरा मिलिसेकंद, आणि सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने एक एमबी वाचायला जवळजवळ सात. वीस मिलिसेकंदांत एक एमबी, म्हणजे सेकंदाला ५० एमबी. खोक्यावर १५० लिहिलेली डिस्क हातात ५० देते. उरलेला सगळा वेळ दांडीच्या येरझाऱ्यांत जातो. चार कॅमेऱ्यांना लागतात किती? प्रत्येकी १२.५ प्रमाणे बरोबर ५०. म्हणजे तीन कॅमेऱ्यांपर्यंत सगळे सुरळीत, चौथ्याला काठावर. त्यात वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज, मागे चाललेली कॅशची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइलींची, लिहालिही आणि विंडोजचे स्वतःचे उद्योग आले, की चित्र अडकलेच. सॉफ्टवेअर एका वेळी किती उचलते यावर आकडा वरखाली होईल, पण दुखणे हेच आहे.

डिस्क जशी भरत जाते तसे ते वाढते, कारण चकतीच्या आतल्या वर्तुळांवर एका फेरीत कमी माहिती मावते आणि वाचनाचा वेग बाहेरच्या निम्म्यावर येतो. खिशात मावणाऱ्या छोट्या पोर्टेबल डिस्कची गोष्ट आणखी वाईट. त्या बहुधा ५,४०० फेऱ्यांच्या असतात. पूर्वी जाणकार सांगायचे की विंडोज एका डिस्कवर, फुटेज दुसऱ्या आणि कॅश तिसऱ्या डिस्कवर ठेवा. त्या सल्ल्यामागचे कारण एवढेच होते, की एका दांडीला तीन ठिकाणी पळवू नका.

एसएसडीत दांडीच नाही. हलणारा एकही भाग नाही.

माहिती साठवायला काही फिरावेच लागते असे नाही, हे मुंबईला फार आधीपासून माहीत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये चालू झाला. त्याची स्मृती फेराइटच्या इवल्या कड्यांची होती, तारांत ओवलेल्या. एकेक कडे एकेक बिट. चाळीस बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे सगळे मिळून १० केबी. फोर-केची एक फ्रेम न दाबता, दहा बिट ४:२:२ रंगात, साठवली तर ती सुमारे २१ एमबी होते. टिफ्रॅकसारख्या दोन हजार संगणकांची स्मृती एकत्र केली तरच रोहितांच्या थव्याची एक फ्रेम मावेल, आणि अशा पंचवीस फ्रेम आपल्याला दर सेकंदाला हव्या असतात.

कड्यांच्या जागी इलेक्ट्रॉन आले ते १९६७ मध्ये. बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी असा ट्रान्झिस्टर सुचवला, की ज्याच्या पोटात चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेला एक कप्पा आहे. जोराचा विद्युतदाब देऊन त्यात इलेक्ट्रॉन ढकलले की ते अडकून राहतात, वीज गेली तरी. पुढे तोशिबातल्या फुजियो मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती मांडली आणि १९८७ मध्ये नँड फ्लॅश, जी आज आपल्या फोनमध्ये, कॅमेऱ्याच्या कार्डात आणि एसएसडीत आहे. एली हरारी, जॅक युआन आणि कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा यांनी १९८८ मध्ये काढलेल्या, आज सॅनडिस्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९९१ मध्ये आयबीएमला फ्लॅशची एसएसडी दिली. तिची क्षमता २० एमबी. किंमत सुमारे हजार डॉलर. फोर-केची न दाबलेली एक फ्रेम तीत मावली नसती.

साध्या सॅटा एसएसडीला हवी ती माहिती शोधायला साधारण एक दशांश मिलिसेकंद लागतो, तेरा नव्हे. मघाचेच गणित पुन्हा करू: शोधायला ०.१, आणि सेकंदाला ५५० एमबीच्या वेगाने एक एमबी वाचायला १.८. दोन मिलिसेकंदांच्या आत काम झाले. जी हार्ड डिस्क हातात ५० देत होती, तिच्या जागी ५०० मिळाले. दहापट! चार कॅमेरे काय, वीस चालतील, निदान साठवणुकीच्या बाजूने तरी. म्हणून हार्ड डिस्कवरून साध्यातल्या साध्या एसएसडीवर उडी मारणाऱ्याला जो फरक जाणवतो, तसा पुढे कधीच जाणवत नाही. आवाजाच्या लहरी पटकन उमटतात, शेकडो क्लिपांची छोटी चित्रे भराभर दिसतात, टाइमलाइनवर माउस ओढला की चित्र मागोमाग धावते. ही सगळी बारीक बारीक तुकडे ठिकठिकाणांहून गोळा करण्याची कामे आहेत, आणि हार्ड डिस्क नेमकी तिथेच मरते.

पुढचा मोह एनव्हीएमईचा. सॅटाची वाट हार्ड डिस्कच्या काळात आखलेली. तीत एकच रांग आणि रांगेत जास्तीत जास्त ३२ मागण्या. २०११ मध्ये ठरलेल्या एनव्हीएमई पद्धतीत हजारो रांगा, आणि ड्राइव्ह थेट प्रोसेसरच्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गावर. तिसऱ्या पिढीत सेकंदाला साडेतीन जीबी, चौथ्या पिढीत सात, पाचव्या पिढीत चौदापर्यंत. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण हळदीच्या चार कॅमेऱ्यांची गरज सेकंदाला ५० एमबीच होती, आणि ती ५५० देणाऱ्या एसएसडीने कधीच भागवली आहे. त्याच कामाला ७,००० देणारी लावून चित्र जास्त गुळगुळीत होत नाही. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याने पाचव्या पिढीची ड्राइव्ह घेणे ही माझ्या मते निव्वळ हौस आहे. हौसेला मोल नसते, हे कबूल.

कुणाला लागते मग? जो प्रोरेस ४२२ एचक्यूसारख्या जाड फाइलींवर काम करतो त्याला. फोर-के, २५ फ्रेमला त्या सेकंदाला ९२ एमबी खातात. चार कॅमेऱ्यांचे ३७० झाले आणि सॅटाची हद्द जवळ आली. फ्रेम न दाबता साठवल्या तर एकच धारा ५०० च्या वर जाते. जाहिराती, सिनेमाचे रंगकाम, व्हीएफएक्स करणारे अंधेरीचे स्टुडिओ यांचा तो प्रांत.

आता ज्यांची टाइमलाइन नव्या एसएसडीनंतरही अडखळते, त्यांच्याकडे वळू. बहुतेक कॅमेरे आणि फोन एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने साठवतात. ही पद्धत कमालीची कंजूस आहे. अर्ध्या-एक सेकंदातून एखादी फ्रेम पूर्ण लिहायची, मधल्या फ्रेमसाठी फक्त ‘आधीपेक्षा काय बदलले’ एवढेच लिहायचे. काही फ्रेम तर मागच्या आणि पुढच्या दोन्हींवर टेकलेल्या. सरळ बघताना अडचण नाही. पण एडिटर सरळ बघतच नाही. तो मध्येच बोट ठेवतो, उलटे जातो, एकेक फ्रेम मागेपुढे करतो. प्रत्येक वेळी प्रोसेसरला मागची पूर्ण फ्रेम गाठून तिथून इथपर्यंतची सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागते. माहिती एसएसडीने पापणी लवायच्या आत आणून दिलेली असते. घाम गळतो प्रोसेसरचा. दहा बिट ४:२:२ रंगाचे एच.२६५ तर अनेक ग्राफिक्स कार्डांना थेट उलगडताच येत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला ते जमते, ॲपलच्या स्वतःच्या चिपांना जमते, आणि एनव्हिडियाला जमायला २०२५ मधली ५० मालिका उजाडावी लागली. म्हणून महागडे जुने ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपपेक्षा एखादा साधा लॅपटॉप ते फुटेज जास्त सहज चालवताना दिसतो आणि मालक चक्रावून जातो.

एक्सपोर्टचेही तेच. दहा मिनिटांची फिल्म एक्सपोर्ट करताना डिस्कवर शेवटी लिहिले जाते ते सेकंदाला काही एमबी. सगळा वेळ फ्रेम उलगडण्यात, रंग-इफेक्ट लावण्यात आणि पुन्हा दाबण्यात जातो. तिथे एसएसडी बिचारी हात बांधून उभी असते.

हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून शेजारी ठेवायचा आणि अडकणारा भाग चालवायचा. डिस्कचा आलेख शंभरला टेकला आणि प्रोसेसर आरामात असेल, तर एसएसडी घ्या. प्रोसेसर शंभरला आणि डिस्क दहा टक्क्यांवर असेल, तर पैसे खिशात ठेवा. मेमरी काठोकाठ भरली असेल, तर आधी रॅम वाढवा. रॅम कमी पडली की कॉम्प्युटर डिस्कलाच रॅम समजून वापरायला लागतो, आणि एसएसडीवर ते तितके खुपत नाही म्हणून खरे दुखणे लपून राहते.

प्रोसेसर बदलणे परवडत नसेल तर ॲव्हिडचा तो जुना डाव खेळायचा. आज त्याला प्रॉक्सी म्हणतात. सगळ्या फुटेजची छोटी, साधी नक्कल करायची, तीही प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असलेली. कापाकापी नकलेवर करायची आणि एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइली घेते. फुल एचडी आकारातली प्रोरेस प्रॉक्सी सेकंदाला पाच एमबीचीही नाही. प्रीमियरमध्ये ही सोय आहे, दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही आहे. रात्री लावून झोपायचे, सकाळपर्यंत नकला तयार. सात-आठ वर्षांपूर्वीच्या मशीनवर चार कॅमेऱ्यांचे फोर-के चालवून दाखवणारे एडिटर असतात, ते जादू करत नाहीत, हे करतात.

ड्राइव्ह घ्यायची ठरलीच, तर खोक्यावरच्या वाचनाच्या वेगापेक्षा लिहिण्याची गोष्ट नीट पाहावी, कारण कार्ड रिकामी करताना लिहावेच लागते. नँडची एक विचित्र खोड आहे: वाचता येते पानापानाने, पण पुसता येते ते शेकडो पानांच्या गठ्ठ्याने. पाटीवरचे एक अक्षर बदलायला सगळी पाटी पुसून पुन्हा लिहायची, असा प्रकार. ड्राइव्हमधला कंट्रोलर हा खटाटोप आतल्या आत सांभाळतो, पण त्याला रिकामी जागा लागते. ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरली की ती मंदावते. पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा.

दुसरी खोड दाटीवाटीची. एका कप्प्यात एकच बिट ठेवायचा तर विद्युतभाराच्या दोन पातळ्या ओळखल्या की झाले. तीन बिटांना आठ पातळ्या, चार बिटांना सोळा. पातळ्या जितक्या जास्त, तितके लिहिणे नाजूक आणि संथ. स्वस्त ड्राइव्ह चार बिटांच्या, क्यूएलसी असतात. कंपन्या त्यावर तोड म्हणून काही भाग तात्पुरता एका बिटाचा वापरतात, त्यामुळे पहिले काही जीबी झरझर लिहिले जातात. तो भाग भरला की मुखवटा गळतो. काही क्यूएलसी ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली येतो. ऑफिसच्या फाइलींना हे कधी कळतही नाही. एका बैठकीत चारशे जीबी ओतणाऱ्याला लगेच कळते. अशा कामाला तीन बिटांची, टीएलसी ड्राइव्ह घ्यावी, एवढा साधा नियम पुरतो.

आणि केबल! १२८ जीबीचे कार्ड यूएसबी २.० च्या वाटेने रिकामे करायला जवळजवळ तास लागतो, कारण ती वाट व्यवहारात सेकंदाला ३५-४० एमबीच्या पुढे जात नाही. फोनच्या चार्जरबरोबर येणारी टाइप-सी केबल दिसायला ऐटबाज असली, तरी आतून बहुधा यूएसबी २.० चीच असते. आयफोन १५ प्रो हा २०२३ मध्ये आला तेव्हा त्याला एसएसडी जोडून फोर-के, ६० फ्रेमचे प्रोरेस थेट तिच्यावर घेता येऊ लागले. ड्राइव्हने सेकंदाला किमान २२० एमबी लिहिले पाहिजे अशी अट. पण फोनच्या खोक्यातली केबल? यूएसबी २.०. कार्डाचेही तसेच. साधे यूएचएस-१ कार्ड स्वतःच सेकंदाला ९०-१०० एमबीवर थांबते. पुढे सेकंदाला सात जीबीची ड्राइव्ह असली काय आणि नसली काय.

आपल्या हवेचा विचार परदेशी पुस्तकांत सापडत नाही. एनव्हीएमई ड्राइव्ह जोरात लिहिताना तापते आणि सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करते. मे महिन्यात, बंद खोलीत, पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये ती वेळ लवकर येते. ड्राइव्हवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि कॅबिनेटला चालणारा पंखा एवढ्याने भागते. खाडीची खारी दमट हवा कनेक्टरांवर बुरशीसारखा हिरवट थर चढवते. पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवणे आणि ड्राइव्ह सारख्या काढघाल न करणे बरे. विजेचे म्हणाल, तर वीजकेंद्राच्या सावलीत राहूनही उपयोग नसतो. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिड कोसळले आणि मुंबईच्या मोठ्या भागासह उपनगरांची वीज गेली. घरगुती एसएसडीत अशा वेळी अर्धवट राहिलेले लिखाण पुरे करण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर बहुधा नसतात. छोटा यूपीएस ड्राइव्हपेक्षा आधी घ्यावा.

आता काम झाल्यावर डेटा ठेवायचा कुठे, ते पाहू. माहुलपासून जवळच चेंबूरला, सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर, आर. के. स्टुडिओ होता. १९४८ मध्ये राज कपूर यांनी उभा केलेला. १६ सप्टेंबर २०१७ रोजी तिथल्या मंचाला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचे पोशाख, दागिने, सामान जळाले. पुढे दोन वर्षांत जागाही विकली गेली. त्याआधी जानेवारी २००३ मध्ये पुण्याला एफटीआयआयच्या आवारात साठवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागून ‘प्रभात’च्या काळातले मूळ साहित्य गेले. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू एकाच दिवशी जाते. एसएसडीही त्याला अपवाद नाही. उलट ती कामाची जागा आहे, कोठाराची नाही. जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे, लिहून लिहून आयुष्य संपत आलेल्या घरगुती एसएसडीने वीज न देता, ३० अंश तापमानात, एक वर्ष माहिती धरून ठेवावी एवढीच अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह पुष्कळ जास्त टिकते, पण इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतात आणि उष्णतेने लवकर झिरपतात. लग्नाचा मूळ डेटा एसएसडीत भरून तीन वर्षे कपाटात ठेवू नये. त्यासाठी जुन्या धाटणीची, मोठी, स्वस्त, संथ हार्ड डिस्कच घ्यावी; एक नव्हे दोन, आणि दुसरी दुसऱ्या घरात.

आणखी एक फरक बऱ्याच जणांना फार उशिरा कळतो. हार्ड डिस्कवरून चुकून फाइल उडवली, तर तिची फक्त नोंद जाते. माहिती चकतीवर तशीच असते आणि डेटा काढून देणारे दुकानदार ती पुष्कळदा परत मिळवतात. एसएसडीवर फाइल उडवली की विंडोज ट्रिम नावाची आज्ञा देऊन ड्राइव्हला कळवते, की ही पाने आता नको आहेत. रिकाम्या जागेच्या शोधात असलेला कंट्रोलर सवडीने तो गठ्ठा खरोखरच पुसून टाकतो, कधी मिनिटभरात. मग कितीही पैसे मोजले तरी हळद परत येत नाही. कॅमेऱ्याचे कार्ड फॉरमॅट करायचे ते दोन ठिकाणी कॉपी झाल्यावर आणि दोन्हीकडची एकेक फाइल उघडून पाहिल्यावरच. त्याआधी, ड्राइव्ह कितीही वेगवान असली तरी, नाही.